समुद्रात शिकार, किनाऱ्यावर कमाई : देवमाशांवर पोसलेलं न्यू बेडफर्ड

मीठभाकर

मंडळी, देवमाशाची शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक होडी, एक भालेवाला आणि एक खवळलेला मासा येतो. (मासा नाही, सस्तन प्राणी आहे, ठाऊक आहे. तेवढ्यासाठी प्रतिसाद नकोत.) मी गेली काही वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. न्यू बेडफर्ड इथून गाडीने तासाभरावर. तिथे चारदोन चकरा झाल्यावर आणि थोडं वाचल्यावर माझं मत असं बनलंय की खरी गोष्ट होडीत नाही, धक्क्यावर आहे.

१८५७ साली या एका बंदराची ३२९ व्हेलिंग जहाजं होती आणि त्यांवर दहा हजारांच्या आसपास माणसं कामाला. शहराच्या मुद्रेवर लॅटिनमध्ये लिहिलंय, 'मी प्रकाश पसरवतो'. अतिशयोक्ती नाही. दीपगृहं, रस्त्यांवरचे दिवे, श्रीमंतांचे दिवाणखाने, गिरण्यांच्या चात्यांचं वंगण, सगळीकडे हेच तेल.

तेल दोन जातींचं. बॅलीन व्हेलच्या, म्हणजे दातांऐवजी जबड्यात पट्ट्या असलेल्या देवमाशांच्या, चरबीचं तेल स्वस्त, जळताना धूर आणि वास. स्पर्म व्हेलचं तेल महाग, स्वच्छ जळणारं, थंडीतही पातळ राहणारं. त्याशिवाय स्पर्म व्हेलच्या डोक्यात एक मेणचट द्रव असतो. तो प्राण्याच्या अंगात पातळ असतो, बाहेर काढून गार झाला की थिजतो. त्याच्या मेणबत्त्या. दिसायला पांढऱ्या स्वच्छ, धूर नाही, उन्हाळ्यात वाकत नाहीत. चरबीच्या मेणबत्त्या वापरणाऱ्याला ही चैन परवडायची नाही.

आता धक्क्यावर या. जहाज तीन-चार वर्षांसाठी बाहेर पडणार. दोर वळणारे, शिडं शिवणारे, लोहार, फळ्यांच्या फटीत ताग आणि डांबर ठोसणारे, तळाला तांब्याचे पत्रे मारणारे, कडक बिस्किटं भाजणारे भटारखाने, होड्या बांधणारे, विमावाले, कर्ज देणारे. आणि या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पिंपं करणारा.

एका जहाजाला दोन-अडीच हजार बॅरल तेल मावेल एवढी पिंपं लागत. एवढी रिकामी पिंपं उभी ठेवायला जागा कुठून आणणार? म्हणून बरीच पिंपं उकलून, पट्ट्यांचे गठ्ठे बांधून नेत. जहाजावर एक पिंपवाला असे, तो तेल निघेल तशी पुन्हा जुळवून देई. लाकूड सुकलं की फट पडते, फट पडली की तेल गळतं. म्हणून तळातल्या भरलेल्या पिंपांवर दर काही दिवसांनी समुद्राचं पाणी मारत. घरी परतल्यावर न्यू बेडफर्डच्या धक्क्यावर पिंपांच्या रांगा लागत आणि ऊन लागू नये म्हणून त्यांवर समुद्री शेवाळ पसरून ठेवत. जुन्या छायाचित्रांत ते ढीग दिसतात. माणसांच्या डोक्यावर छप्पर असो-नसो, पिंपांवर पांघरूण हवंच.

या सगळ्यांना पैसे कधी मिळत? जहाज निघण्याआधी. खलाशाला कधी? जहाज परतल्यावर, तेल विकल्यावर, आणि सगळी वजावट झाल्यावर. त्याबद्दल खाली लिहितो, आधी तुमचं येऊ द्या.

आगाऊ_अण्णा

वाचतोय. पण मीठभाकर, एक गोष्ट लिहायची राहिली. या देवमाशांना कोणी वाचवलं? पेट्रोलियमने. १८५९ ला पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला तेलाची विहीर लागली, रॉकेल आलं, व्हेलचा धंदा बसला. भांडवलशाहीने निसर्ग वाचवल्याचं याहून चांगलं उदाहरण नाही. पर्यावरणवाल्यांना झोंबेल, झोंबू दे.

सुईदोरा

छान लेख. माझा प्रांत शिवणकामाचा, म्हणून बॅलीनबद्दल. दात नसलेल्या देवमाशांच्या वरच्या जबड्यातून ज्या पट्ट्या लोंबतात, त्या आपल्या नखांच्याच द्रव्याच्या, म्हणजे केराटिनच्या. गरम पाण्यात किंवा वाफेवर धरल्या की मऊ होतात, हवा तसा बाक देता येतो, गार झाल्या की तोच बाक धरून ठेवतात आणि तरी लवचीक राहतात. प्लॅस्टिक यायच्या आधी असा दुसरा पदार्थ नव्हताच. कॉर्सेटच्या कांड्या, छत्रीच्या काड्या, घोडागाडीचे चाबूक, घागऱ्यांचे फुगारे. मी आज नवरीच्या ब्लाउजला आकार धरायला प्लॅस्टिकची पट्टी घालते, तिथे त्या काळच्या शिंपिणी ही पट्टी तासून घालत. तासणारे, घासणारे, रुंदीप्रमाणे निवडणारे असे वेगळे कारखानेच होते.

आणि आगाऊ अण्णा, रॉकेल आल्यावर धंदा लगेच बसला नाही हो. तेलाचा भाव पडला तशी बॅलीनची किंमत चढत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोहून आर्क्टिकला जाणारी जहाजं बोहेड व्हेल मारून फक्त जबड्यातल्या पट्ट्या काढून घेत आणि उरलेलं धूड तसंच सोडून देत. बायकांची कंबर बारीक दिसावी म्हणून. १९०७ च्या सुमारास स्प्रिंग स्टीलने आणि बदललेल्या फॅशनने तो बाजार कोसळला.

निवृत्त_मास्तर

प्रकाशाचा विषय निघालाय म्हणून. आम्ही भौतिकशास्त्र शिकवताना 'कॅन्डलपॉवर' हे एकक सांगायचो. ती कॅन्डल म्हणजे कुठलीही मेणबत्ती नव्हे. इंग्लंडात १८६० च्या गॅसच्या कायद्याने ठरवलेली, स्पर्म व्हेलच्या मेणाची, एक षष्ठांश पौंड वजनाची, ताशी १२० ग्रेन जळणारी मेणबत्ती. म्हणजे देवमाशाच्या तेलाला हटवायला आलेल्या गॅसचा उजेड मोजायलाही देवमाशाचीच मेणबत्ती. गंमत आहे.

मेणबत्ती करण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. डोक्यातला माल उकळून गाळायचा आणि थंडीभर थिजू द्यायचा. मग लोकरीच्या पिशव्यांत भरून मोठ्या दाबाखाली पिळायचा. जे तेल गळेल ते हिवाळी तेल, सर्वांत महाग, कारण कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. उरलेला गोळा वसंतात पुन्हा पिळायचा, ते दुसऱ्या प्रतीचं. शेवटी जे तपकिरी मेण उरेल ते पोटॅशबरोबर तापवून पांढरं करायचं आणि साच्यात ओतायचं. ऋतूंवर चालणारा कारखाना.

ही कृती माहीत असणारे थोडे होते. १७६१ मध्ये न्यूपोर्ट, प्रॉव्हिडन्स आणि बॉस्टनच्या मेणबत्तीवाल्यांनी एकत्र येऊन चक्क संगनमत केलं. कच्चा माल अमुक भावाच्या वर घ्यायचा नाही, मेणबत्ती अमुक भावाच्या खाली विकायची नाही, नवा कारखानदार उभा राहू द्यायचा नाही. आपल्याकडच्या साखरवाल्यांना यात नवं काही वाटणार नाही.

बार्देशकार

अवांतर: न्यू बेडफर्डला पोर्तुगीज वस्ती इतकी का, हे या धाग्यामुळे कळलं. व्हेलिंग जहाजं अझोर्स आणि केप व्हर्दे या तेव्हाच्या पोर्तुगीज बेटांवर थांबून माणसं भरून घेत, तीच पुढे तिथे स्थायिक झाली. भाच्याकडे गेलो होतो तेव्हा तिथल्या बेकरीत शौरीस (पोर्तुगीज पोर्क सॉसेज) भरलेला पाव खाल्ला. आमच्या गोंयच्या चोरीसाला व्हिनेगर आणि मिरचीचा जो झणका असतो तो नाही, पण गोत्र एकच.

अझोर्समध्ये पिकू बेटावर उघड्या होड्यांतून हाताने भाला फेकून शिकार अगदी १९८७ पर्यंत चालली. डोंगरावरच्या टेहळणीच्या खोपटातून दुर्बीण लावून बसणारा माणूस व्हेल दिसला की इशारा द्यायचा. आता त्याच खोपटांतून पर्यटकांच्या बोटींना दिशा सांगतात.

मीठभाकर

@बार्देशकार, त्या बेकऱ्या हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, काढाच.

आता खलाशाचा हिशेब. पगार नव्हता, वाटा होता. कप्तानाला निव्वळ उत्पन्नाचा आठवा ते सोळावा हिस्सा. पिंपवाला, भालेवाले मध्ये कुठेतरी. नवख्या पोराला १७५ वा, कधी २०० वा. समजा जहाज २००० बॅरल तेल घेऊन आलं. बॅरलला साडेएकतीस गॅलन, म्हणजे ६३,००० गॅलन. गॅलनला एक डॉलर धरला तर ६३,००० डॉलर. त्याचा १७५ वा हिस्सा ३६० डॉलर. साडेतीन वर्षांचे! महिन्याला साडेआठ डॉलर.

थांबा, अजून वजावट आहे. निघताना अंगावरचे कपडे, बूट, सुरी, पेटी देणारा दुकानदार चढ्या भावाने उधार देई. त्यावर व्याज. जहाजावर तंबाखू आणि सदरे कप्तानाच्या पेटीतून, तेही खात्यावर. बंदरात हातखर्चाला घेतलेले पैसे, त्यावर व्याज. कित्येक पोरं परत येऊन हिशेबाला बसली की देणंच निघे, आणि ते फेडायला पुढच्या जहाजावर. आपल्या ऊसतोड कामगाराच्या उचलीचा हिशेब ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि काम काय? चरबी उकळायची भट्टी जहाजाच्या डेकवरच, विटांची, त्यात दोन मोठ्या कढया. पहिला जाळ लाकडाचा, पण नंतर तेल निघून गेलेल्या चरबीच्या कुरकुरीत चोथ्यावरच भट्टी चाले. म्हणजे प्राणी स्वतःच्याच सरपणावर शिजणार. लाकडी जहाजावर, समुद्राच्या मध्यात, रात्रंदिवस आग. विटा आणि डेक यांच्यामध्ये पाण्याचा उथळ हौद ठेवत, नाहीतर फळ्या पेटल्याच म्हणून समजा.

रेवस_बंदर

आमच्या बाजूला देवमाशाची शिकार कधी कोणी केली नाही. जाळ्यात आला तर जाळं कापून सोडतात, मेलेला लागला तर नारळ वाहतात. नोव्हेंबर २०२३ ला गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू किनाऱ्याला लागलं तेव्हा सगळं गाव, वनखातं, मच्छीमार पाण्यात उतरून त्याला खोल समुद्रात ढकलायला झटत होतं.

पण आपला समुद्र यातून सुटला असं कोणी समजू नका. १९६६ च्या सुमारास सोव्हिएत कारखाना-जहाजं, म्हणजे मारलेल्या देवमाशाचं समुद्रातच तेल काढणारी जहाजं, अरबी समुद्रातून गेली. ओमान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्य किनाऱ्याच्या टापूत त्यांनी हंपबॅक जातीचे २४२ देवमासे मारले. हंपबॅक मारायची तेव्हा बंदी होती, म्हणून नोंदी खोट्या दिल्या. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९३ नंतर त्यांच्याच शास्त्रज्ञांनी खरे आकडे बाहेर काढले. अरबी समुद्रातला हंपबॅक हा वेगळाच गट आहे. बाकीचे थंड समुद्राकडे जातात-येतात, हे इथेच राहतात, इथेच खातात, इथेच पिल्लं घालतात. ओमानच्या बाजूला आता शंभरसुद्धा उरले नाहीत असा अंदाज आहे. आधीच थोडे असलेल्या गटातून २४२ गेले, तर काय उरणार?

आगाऊ_अण्णा

रेवसकर, ते सोव्हिएत होते, कम्युनिस्ट. माझा मुद्दा उलट पक्का झाला!

तिरकी_रेघ

अण्णा, आकडे बघा आणि मग पक्का करा. विसाव्या शतकात, म्हणजे रॉकेल घरोघरी पोचल्यावर, सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. वल्ह्याच्या होडीतून भाला फेकणाऱ्या यांकी खलाशांच्या स्वप्नातही नसेल एवढे. पेट्रोलियमने वाचवले म्हणता, पण पाठलाग करायच्या बोटी कशावर चालत होत्या? आधी कोळसा, मग डिझेल.

झालं असं की न्यू बेडफर्डवाल्यांना फक्त हळू पोहणारे आणि मेल्यावर तरंगणारे देवमासे मारता येत. ब्लू आणि फिन व्हेल वेगवान, मेले की बुडतात. १८६० च्या दशकात नॉर्वेच्या स्वेंड फॉयनने वाफेची बोट आणि तोफेतून सुटणारा स्फोटक हार्पून (दोर बांधलेला भाला) एकत्र आणला. मेलेल्या धुडात हवा भरून ते तरंगत ठेवलं. १९०४ मध्ये कार्ल अँटन लार्सनने साउथ जॉर्जिया बेटावर ग्रुट्विकेनला तळ टाकला आणि अंटार्क्टिक उघडलं. १९२५ मध्ये मागच्या बाजूला घसरण असलेलं कारखाना-जहाज आलं, अख्खा व्हेल डेकवर ओढून घ्यायची सोय. १९३०-३१ च्या एकाच हंगामात २९ हजारांहून जास्त ब्लू व्हेल.

एवढं तेल कोण घेत होतं? दिव्यात तर जळत नव्हतं. उत्तर: पावाला लावायचं मार्गारीन आणि साबण. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मानने १९०२ मध्ये पातळ तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करायचं पेटंट घेतलं. व्हेलच्या तेलाचा वास आणि पातळपणा एका फटक्यात गेला. साबण करताना ग्लिसरीन निघतं, त्याची पहिल्या महायुद्धात स्फोटकं झाली. युरोपात या तेलाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक साबण-मार्गारीनवाले, पुढे एकत्र होऊन युनिलिव्हर झालेले.

सुईदोरा

अय्या, म्हणजे डालडा??

तिरकी_रेघ

नाही हो ताई, घाबरू नका. शिवडीच्या कारखान्यात १९३२ पासून वनस्पती तूप व्हायला लागलं आणि १९३७ मध्ये डालडा बाजारात आलं, ते वनस्पती तेलाचंच. तंत्र मात्र तेच नॉर्मानचं, आणि कंपनीचं घराणंही तेच. तिकडे देवमासा घट्ट केला, इकडे शेंगदाणा.

निवृत्त_मास्तर

तिरकी रेघ यांच्याशी सहमत. एक भर. स्पर्म व्हेलचं तेल मोटारींच्या ऑटोमॅटिक गिअरच्या वंगणात १९७० च्या आसपासपर्यंत होतं, कारण दाब आणि उष्णता सोसण्यात त्याला तोड नव्हती. अमेरिकेने आयात बंद केल्यावर धावपळ झाली. पर्याय म्हणून वाळवंटातलं जोजोबा पुढे आलं, त्याच्या बियांतलं तेल रचनेने स्पर्म व्हेलच्या तेलाच्या जवळ जातं. आज ते शाम्पूच्या बाटलीवर मिरवतं.

मीठभाकर

मास्तर, तिरकी रेघ, जोरदार. धागा माझा, पण माल तुमचा.

दोन माणसांबद्दल लिहितो, मग थांबतो. लुइस टेम्पल, न्यू बेडफर्डचा कृष्णवर्णीय लोहार. जुन्या हार्पूनचं टोक बाणासारखं असे, माशाने जोर लावला की ते चरबी फाडून सुटून येई. टेम्पलने १८४८ मध्ये टोक मधोमध खिळीवर फिरतं केलं आणि ते सरळ राहावं म्हणून काडीएवढी लाकडी पिन घातली. भाला आत घुसताना टोक सरळ. दोर ताणला की पिन मोडते, टोक आडवं फिरतं आणि आत अडकून बसतं. सगळ्या ताफ्याने तेच वापरलं. टेम्पलने पेटंट घेतलं नाही. बाकीच्या लोहारांनी हजारोंनी केले, आणि १८५४ मध्ये हा गेला तेव्हा मागे कर्जच होतं.

दुसरा फ्रेडरिक डग्लस, पुढे गुलामीविरोधी चळवळीचा मोठा नेता झालेला. १८३८ मध्ये बाल्टिमोरच्या गुलामीतून पळून न्यू बेडफर्डला आला. जहाजाच्या फटी भरण्याचं काम शिकलेला कारागीर, दिवसाला दोन डॉलर मिळाले असते. पण गोऱ्या कारागिरांनी सांगितलं, हा हातोडा उचलेल तर आम्ही आमचे खाली ठेवू. मग एक डॉलरवर लाकडं फोड, कोळसा ओढ, तेलाची पिंपं ढकल. क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या) मालकांचं गाव, गुलामीविरोधी सभा होणारं गाव, तरी ही तऱ्हा. मला हे गाव आवडतं, पण त्याची फार आरती ओवाळावीशी वाटत नाही ती यामुळे.

नवखा_वाचक

पहिलाच प्रतिसाद. काका, धंदा बसल्यावर एवढ्या पैशाचं काय झालं? आणि ती पिंपं करणारी माणसं कुठे गेली?

आणि ती व्हेलची उलटी, जी ठाण्या-रत्नागिरीत पकडली जाते, ती यातलीच का?

रेवस_बंदर

उलटीचं मी सांगतो. तो अंबर, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा. अत्तर टिकून राहावं म्हणून घालतात. जुन्या व्हेलिंग जहाजांना एखाद्याच धुडात सापडे, पण सापडला तर तेलाहून जास्त पैसे देऊन जाई. आपल्याकडे स्पर्म व्हेल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे वाळूत आपोआप सापडला तरी जवळ ठेवणं आणि विकणं गुन्हा. कोटींचे भाव ऐकून नादी लागू नका, पकडलेल्यांतलं बरंच बनावट निघतं. सापडलाच तर वनखात्याला कळवा.

मीठभाकर

@नवखा_वाचक, स्वागत. काका म्हणालास ते माफ.

पैसा आधीच हलायला लागला होता. सिव्हिल वॉरमध्ये दक्षिणेच्या शेनांडोआ जहाजाने व्हेलिंग जहाजं जाळली. १८७१ मध्ये आर्क्टिकच्या बर्फात ३३ जहाजं अडकून सोडून द्यावी लागली, १२१९ माणसं मात्र सगळी वाचली. विमावाल्यांचं कंबरडं मोडलं. शहाण्या मालकांनी त्याच्या आधीपासून कापडगिरण्यांत पैसे घातले होते. १८८८ मध्ये होरेशियो हॅथवेने व्हेलिंग आणि चीनच्या व्यापाराच्या पैशातून हॅथवे मॅन्युफॅक्चरिंग काढली. ती १९५५ मध्ये बर्कशायर नावाच्या गिरणीत मिळाली, १९६५ मध्ये वॉरन बफेने ताब्यात घेतली. कापड १९८५ मध्ये बंद झालं, नाव राहिलं. आपल्याकडे अमेरिकी शेअर घेणारे जे बर्कशायर हॅथवे म्हणतात, त्यातलं हॅथवे हे. वॉल स्ट्रीटवर गाजलेली हेटी ग्रीनही इथलीच, बापाच्या व्हेलिंगच्या पैशाची वारस.

पिंपं करणाऱ्यांचं सुरुवातीला बरं चाललं. पेनसिल्व्हेनियाचं खनिज तेलसुद्धा आधी लाकडी पिंपांतूनच जाई, आणि कित्येकदा पिंप आतल्या तेलाहून महाग पडे. नंतर तेलाच्या नळवाहिन्या आल्या, रेल्वेच्या टाक्या आल्या, आणि लाकडी पिंप गेलं. ४२ गॅलनचं माप तेवढं राहिलं, रोज बातम्यांत खनिज तेलाचा भाव सांगतात तो त्याच मापाचा.

आगाऊ_अण्णा

२९ लाखांच्या आकड्यावर मी वाचून येतो. माघार घेतलेली नाही.

बार्देशकार

या. तोवर मी बेकरीचा धागा काढतो.